हरलेल्या घोडीचा सईस

लक्ष्मणअण्णा माझ्या मावशीचे यजमान. नात्यानं काका, पण अळणावरच्या अलीकडच्या त्या गावात त्यांना सगळेच अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मी हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत मराठी शिकवते. मुलांना ती येत नाही आणि त्यांच्या आयांना ती नको असते, त्यामुळे दमलेलं माणूस मला लांबून ओळखू येतं. अण्णांएवढं दमलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

अण्णा बंगळूरला रेसकोर्सवर सईस होते. पहाटे उठून घोड्याला फिरवायचं, अंग चोळायचं, पायांवर गार पाण्याची धार धरायची, चारा घालायचा आणि त्याच्याच दारासमोर घोंगडी टाकून पडायचं, ही नोकरी. मालक येतो तो टोपी घालून, जॉकी येतो तो रेशमी सदऱ्यात, ट्रेनर येतो तो गळ्यात दुर्बीण अडकवून. लीद मात्र सईसानं काढायची. घोडा जिंकला की फोटो निघतो, त्यात लगाम धरून सईसही उभा असतो. फोटोखाली मालकाचं नाव असतं, ट्रेनरचं असतं, जॉकीचं असतं, घोड्याचं तर असतंच. सईसाचं नसतं. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. मावशीला वाटे.

मावशी म्हणजे अनुसया. तिनं भाताची शेती आणि एकुलता एक दीपक, दोन्ही एकटीनं वाढवलं. अण्णा वर्षाकाठी एकदा यायचे, चार दिवस राहायचे आणि त्या चार दिवसांत गावाला घोड्यांच्या गोष्टी सांगायचे. मावशी आत भाकऱ्या थापत ऐकायची. "माणसांच्या गोष्टी येत न्हाईत का तुम्हाला?" एवढं एकदाच तिनं विचारलेलं मला आठवतं.

उणीपुरी तीस वर्षं अण्णांनी पुष्कळ घोडे सांभाळले, पण गावाला ठाऊक होती ती एकच. कॉफी ब्लॉसम. चिकमगळूरकडच्या एका कॉफीच्या मळेवाल्याची घोडी, म्हणून हे नाव. गावानं त्यातलं 'ब्लॉसम' पहिल्याच दिवशी टाकून दिलं. दोन वर्षांची असताना ती अण्णांच्या हाती आली, तेव्हा नुसती काटकी होती आणि लोखंडी गेटाला भ्यायची. पहिल्या शर्यतीत गेट उघडलं, बाकीचे घोडे सुटले, आणि ही आपली आत उभी. शेवटून पहिली आली. ट्रेनर म्हणाला, ही काही कामाची नाही. अण्णांनी तिला रोज त्या गेटापाशी नेऊन उभं केलं आणि तिथंच चारा घातला, गप्पा मारल्या. दुसऱ्या शर्यतीत ती चौथी आली. तिसऱ्या शर्यतीत तिनं सगळ्यांना धूळ चारली.

मग सुरूच झालं. त्या हंगामात ती तीनदा जिंकली. पुढच्या वर्षी मोठी शर्यत होती, जिच्यासाठी मालकानं नवा सूट शिवला होता. त्यात ती नाकभर मागं राहिली. अण्णा ते सांगताना स्वतःच्या नाकाला हात लावायचे, आणि ऐकणारा प्रत्येकजण आपापल्या नाकाला लावायचा. पुढे एका सकाळी सरावात तिच्या पुढच्या पायाची नस सुजली. अण्णांनी सहा-सात महिने त्या पायावर पाणी धरलं, माती बांधली, पट्ट्या बदलल्या. ती पुन्हा उतरली, पुन्हा जिंकली. एकूण सात वेळा जिंकली. सातवी जिंकायला नको होती, असं अण्णा म्हणायचे, कारण त्या शर्यतीत नस पुरती कामातून गेली. डॉक्टर म्हणाले, चालेल, फिरेल, पण आता एकदा जरी भरधाव पळाली तरी पाय काडीसारखा मोडेल.

मग तिला पैदाशीला पाठवलं. दोन वर्षांत गाभ राहिला नाही. माणसांतसुद्धा अशा बाईला परत धाडतात, तिथंही धाडली. तोवर म्हातारा मालक वारला होता आणि त्याच्या मुलांना घोड्यांत रस नव्हता. अण्णांचेही गुडघे गेले होते. घरी निघताना त्यांनी एकच गोष्ट मागितली, आणि मुलांनी ती "घेऊन जा" म्हणून देऊन टाकली.

इकडे गावात काय, तर कॉफी जिंकली की अण्णांचा फोन यायचा आणि मावशी, मनात काहीही असो, गावभर पेढे वाटायची. जत्रा कमिटीचे नागोजी तर अळणावरच्या बाजारात "आमची कॉफी" म्हणून सांगत फिरायचे. तिला कुणी पाहिलं नव्हतं. मावशीच्या घरात देवांच्या रांगेत तिचा एक फोटो होता, जिंकल्यावरचा, लगाम धरलेल्या अण्णांसकट. दीपक शाळेत असताना त्या फोटोला नमस्कार करून परीक्षेला जायचा. बाप घरी नव्हता, पण का नव्हता याचं उत्तर भिंतीवर होतं.

बंगळूरहून घोडीला आणणाऱ्या ट्रकवाल्याला हुबळीतच दुसरा माल भरायचा होता, म्हणून त्यानं अण्णांना आणि घोडीला सकाळी जुन्या हुबळीत आमच्या घरापाशी उतरवलं. गावाकडचा टेंपो दुपारी मिळणार होता. आमची गल्ली ती केवढी. घोडी आडवी उभी राहिली तर रहदारी बंद. शेजारच्या बायका "लग्न कुणाचं री?" म्हणून विचारायला आल्या. मी पहिल्यांदाच कॉफीला पाहत होते. तांबूस रंग, मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा, आणि पुढचा पाय गुडघ्याखाली जाड झालेला. ती माझ्याकडं न बघता अण्णांच्या खिशाला नाक लावत होती.

तेवढ्यात दीपकचा फोन आला. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून मीच आवाज मोठा करून दिला.

"अप्पा, कॉफीच हाय न्हवं? मालकानं कॉफीच दिली न्हवं?"

"तिच्या पायाचं तुला सांगितलंय मी, दीपक."

"पायाला काय हुतंय अप्पा! एकदाच पळवायची, आपल्या जत्रंत. आठ गावच्या घोडागाड्या येणार हायत. कॉफी नुसती हुभी राहिली तरी त्येंची गाळण उडंल. मी हलकी गाडी करून घेतलिया. नागोजीकाका पत्रिकेत नाव घालतो म्हणालेत."

"तिचा पाय मोडंल रं."

"एवढ्या शर्यती मारल्या तिनं, आमच्या एका जत्रंला मोडतोय व्हय पाय? गावानं किती वर्सं वाट बघितली, अप्पा."

रेसकोर्सवर पाय मोडलेल्या घोड्याभोवती पडदा धरतात, म्हणजे त्याला तिथंच मारून टाकतात ते लोकांना दिसू नये. तो पडदा धरायला माणसं लागतात, आणि ती माणसं म्हणजे सईस. अण्णांनी तो कितीदा धरला होता, ते कधी बोलले नाहीत. त्या सकाळी फोन हातात धरून ते घोडीच्या पायाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कॉफी न्हाई रं ही. कॉफी गेली."



"कधी?"

"गेल्या म्हैन्यात. पोटात कळ आली न् गेली. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई. ही दुसरी हाय. कधी काय जिंकली न्हाई. फुकट दिली म्हणून आणली."

"मग आणलीच कशाला?" दीपक म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मी चिडले. म्हटलं, अण्णा, असं कसं बोललात? जिवंत जनावराला मारलंत तुम्ही! अण्णा आमच्या पायरीवर बसले. "वनिता, लंगडा वाघ बघायलाबी जत्रा भरते," ते म्हणाले. "लंगड्या कुत्र्याकडं कोण बघतंय? तिला आता कुत्रं हू दे." मग घोडीला म्हणाले, "आजपासनं तू रंगी." घोडी त्यांचा खिसा हुंगत राहिली.

मीही त्यांच्याबरोबर गावी गेले. लोक भेटायला आले ते कुणी गेल्यासारखे. सुतक तेवढं नव्हतं. नागोजींनी डोळे पुसले. आणि मग एकेकजण बाहेर गोठ्यात जाऊन रंगीला बघून यायचा आणि चहा प्यायचा. हिरा गेला आणि गोटा हाती आला, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं. अण्णा नवं नाव घेऊन हाक मारायचे, पण घोडी कान हलवायची नाही. तिला ते नावच ठाऊक नव्हतं. "बहिरीबी हाय व्हय?" कुणीतरी विचारलं. "हौदु," अण्णा म्हणाले, "बहिरीबी हाय."

मावशीला कुणी काही सांगितलं नव्हतं. घोडी टेंपोतून उतरली तेव्हा मावशीनं तिच्या मागच्या पायाचा पांढरा मोजा पाहिला. आत जाऊन फोटोतला पाहिला. दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले तर बंब पेटवताना तिनं चौकट मोडून फोटोसकट आत सारली होती. मी म्हटलं, "मावशी, एवढा एकच तर फोटो होता!" ती फुंकणीनं फुंकत म्हणाली, "फोटो ठेवू का घोडी ठेवू?" मग धुराचं निमित्त करून डोळे पुसले. त्या फोटोत अण्णा तरुण होते.

नागोजी हा माणूस वाईट नव्हे, पण त्याला कुठं थांबावं ते कळत नाही. महिनाभरानं कट्ट्यावर चार लोक जमलेले, अण्णा रंगीला चारून परत आणत होते, आणि नागोजींनी त्यांना अडवलं. "अण्णा, खरं सांगा री. कॉफीच्या पायाच्या धुळीची तरी सर हाय का हिला?" सगळे बघत राहिले. अण्णा म्हणाले, "न्हाई." नागोजींना तेवढ्यानं भागेना. "न्हाई म्हंजे, कशी हुती ती, कशी ही, ह्या पोरांना सांगा की."

अण्णा सांगायला लागले. कॉफीची मान कशी, हिची कशी. कॉफी गेटातून कशी सुटायची. ही मेली जागची हलत नाही. कॉफीला माणूस कळायचं, हिला पेंडीशिवाय काही कळत नाही. बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला आणि ते तोंड फिरवून उभे राहिले. लोकांना वाटलं, गेलेल्या घोडीसाठी रडतात. नागोजींनी त्यांच्या हातावर आपली तंबाखूची पिशवी ठेवली. कॉफी तेव्हा त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी होती. मी हे स्वतः बघितलंय. त्या दिवशी मला त्या गावाचा, त्या कट्ट्याचा आणि सगळ्या शर्यतींचा मनापासून राग आला.

अण्णांनी गावाजवळच्या बेलूरला एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली. बसनं जायचं, बारा तास लोखंडी गेटापाशी बसायचं, बसनं यायचं आणि आल्या आल्या घोडीच्या पायावर पाणी धरायचं. पगारातला निम्मा भुसा-पेंडीत जायचा. ते आता गोष्टी सांगत नव्हते. कुणी विचारतही नव्हतं. बंगळूरला एवढी वर्षं घालवून काय कमावलं, तर एक हरलेली घोडी, असं गावाचं गणित पक्कं झालं होतं. मी कधी गेले की अण्णा भिंतीला टेकून बसलेले असायचे. "काय अण्णा, कसं काय?" म्हटलं की "हाय की" म्हणायचे. डोळे मिटायचे. झोपायचे मात्र नाहीत.

दीपकचं मला कळत होतं. त्याच्या बारशाला बाप नव्हता, आजारपणात नव्हता, आजी गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी पोचला. कॉफीसाठी त्यानं बापाला माफ केलं होतं. रंगीसाठी करायला तो तयार नव्हता. बापलेक एका घरात राहत होते आणि घोडीला पाणी दाखवलं का, एवढंच एकमेकांशी बोलत होते.

दुसऱ्या वर्षीची जत्रा आली. दीपकनं शेजारच्या गावातून एक घोडा ठरवला होता, तो ऐनवेळी आजारी पडला. पत्रिकेत दीपकचं नाव छापलेलं, गाडीला रंग दिलेला, आणि घोडा नाही. सणासाठी मीही आले होते. सकाळी दळणाचं सामान आत नेताना बघते तर दीपकनं गोठ्यातून रंगीला काढून अंगणात गाडीला जुंपलं होतं. अण्णांची बेलूरची पाळी संपायची होती. मी "दीपक, थांब" म्हटलं, पण पुढं काय म्हणायचं तेच कळेना. पाय मोडेल म्हणावं, तर हरलेल्या घोडीचा पाय मोडला म्हणून कुणाचं काय जातं? आणि खरं सांगावं, तर सगळ्या गावानं तिला खांद्यावर घेऊन मैदानात नेलं असतं.

मावशी आतून आली. हात पुरणानं भरलेले. ती फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

"आई, बाजूला हो."

"कुठं निघालास?"

"दहात एखादी तरी आपली गाडी दिसंल. शेवटची आली तर येऊ दे."

"शेवटची येऊ दे?" मावशीचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबले. "आठ गावच्या लोकांपुढं ही हरलेली घोडी पळवणार तू? लोक काय म्हणतील? लक्ष्मणाच्या घरात सगळे हरणारेच, असं म्हणतील. एक हरलेला माणूस घरात हाय, त्येवढा बास झाला मला. आता त्याची घोडीबी गावभर दाखवू नको."

दीपकचे हात ढिले पडले. शरमेसारखा लगाम दुसरा नाही, आणि तो मावशीनं बरोबर ओढला. त्यानं घोडीला सोडलं. मग आम्ही सगळ्यांनीच बघितलं, फाटकाबाहेर अण्णा उभे होते. पाळी लवकर सुटली होती. वॉचमनची टोपी हातात. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ते आत आले, वाकले, घोडीचा जाड पाय खालपासून वरपर्यंत चाचपला, आणि तिला गोठ्यात घेऊन गेले. दुपारी मावशीनं त्यांना पुरणाची होळगी वाढली, वर तुपाची धार धरली ती थांबेचना. "बास," अण्णा म्हणाले. ती तरी वाढतच राहिली. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते. मावशी त्या दिवशी जेवली नाही. उष्टी काढताना मला म्हणाली, "ह्यांना कळलं असंल न्हवं गं?" कळलं असणारच. पण कळलं म्हणून ऐकलेलं कमी होत नाही. नवरा-बायकोनं मिळून एका जनावराचा पाय राखला आणि त्यासाठी एकानं दुसऱ्याला भर रस्त्यात हरलेला म्हटलं. त्यानंतर कुणी रंगीला पळवायचं नाव काढलं नाही.

ती पुढं तीन वर्षं जगली. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं, अण्णांना हवं होतं तसं. बांधाबांधानं हिंडायची, भाताच्या खाचरात तोंड घालून शिव्या खायची. मागं कुणी काठी घेऊन लागलं तरी ती पळायची नाही, चालतच बाजूला व्हायची. यंदा दसऱ्यानंतर एका सकाळी खाली बसली ती उठली नाही. काही दुखलं-खुपलं नाही. चारही पाय धड होते.

मी बातमी कळल्यावर गेले, तेव्हा दीपकनं जेसीबी बोलावून शेताच्या कोपऱ्यात खड्डा काढून घेतला होता. हे त्यानं कुणी न सांगता केलं. मावशीनं हळदकुंकू वाहिलं. नागोजी आले नाहीत, कशाला येतील? माती लोटून झाली, जेसीबीवाला गेला, आणि आम्ही चौघंच उन्हात राहिलो. अण्णा मातीकडं बघत उभे होते. मला वाटलं, आता सुटले. आता कुणाचा पाय राखायचा नाही.

त्यांनाही तसंच वाटलं असणार. कारण ते म्हणाले, "दीपक, ही कॉफी हुती."

दीपकनं त्यांच्याकडं बघितलं. मग मातीकडं.

"कॉफीच हुती रं. तुला जत्रंला पायजे हुती, म्हणून मी खोटं बोललो. सातदा जिंकली ती. मोठ्या शर्यतीत नाकभर..." आणि त्यांचा हात नाकाकडं गेला.

दीपकच्या चेहऱ्यावर मी राग शोधत होते, निदान आश्चर्य तरी. ते आलं नाही. आलं ते भलतंच. त्यानं पुढं होऊन बापाच्या खांद्यावर हात ठेवला. मला आठवतं तेव्हापासून त्यानं अण्णांना हात लावला नव्हता, सणाला वाकून करायचा तेवढा नमस्कार सोडला तर.

"हूं, अप्पा," तो म्हणाला. "कॉफीच हुती." पहिलीतल्या पोरानं रेघोट्या दाखवून हा हत्ती म्हटलं की मी ज्या आवाजात हो म्हणते, अगदी त्या आवाजात.

"न्हाई रं, खरंच. तुझ्या आईला इचार."

"खरंच की." मावशीकडं न बघताच तो म्हणाला. "चला, ऊन लागतंय तुम्हाला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दीपक, अरे..." म्हणून मी तोंड उघडलं, आणि मावशीनं माझं मनगट एवढ्या जोरानं दाबलं की बांगडी रुतली. ती अण्णांकडं बघत होती. अण्णा बघत होते खांद्यावरच्या त्या हाताकडं. तो हात काही सात शर्यती जिंकणाऱ्या घोडीसाठी आलेला नव्हता. म्हाताऱ्या, भ्रमिष्ट, हरलेल्या बापासाठी आला होता. खरं पटवून दिलं असतं तर तो तिथं राहिला असता की नाही, देव जाणे.

"रंगीबी चांगलीच हुती की अप्पा," दीपक म्हणाला. "गरीब जनावर. हरली म्हणून काय झालं?"

अण्णांनी मातीकडं एकदा बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "हरली म्हणून काय झालं."